लपथपीत म्हणजे नेमकं किती

पुण्याहून रुचिकाचा फोन आला तेव्हा चारुलताबाई पाटील गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या उलटवत होत्या. रुचिका त्यांची जुनी विद्यार्थिनी. शहाद्याच्या शाळेत तिसऱ्या बाकावर बसायची आणि निबंधात स्वतःचं डोकं वापरायची, म्हणून बाईंच्या लक्षात राहिलेली. आता ती पुण्याला बोलींतल्या शब्दांचा संग्रह करणाऱ्या एका कार्यालयात होती.

"बाई, एका शब्दाचा अर्थ, मूळ आणि वापर हवा होता. चारच ओळी. लपथपीत."

"त्यात काय एवढं? संध्याकाळपर्यंत पाठवते," बाई म्हणाल्या. मग उगाच विचारलं, "सध्या काय लिहिलंय तुमच्याकडे?"

रुचिका जरा घुटमळली. "लपथपीत, विशेषण. पाहा, चिकट."

बाईंनी हातातली बिबडी खाली ठेवली. चिकट म्हणजे डिंक. चिकट म्हणजे तेलाच्या बरणीचं बूड. चिकट म्हणजे यजमानांचे ते भुसावळचे मावसभाऊ, जे सकाळच्या चहाला येतात आणि रात्रीची खिचडी खाऊन जातात. चांगल्या घोटलेल्या वांग्याच्या भाजीला जो चिकट म्हणतो, त्याने जन्मात भाजी खाल्ली नसून पाकिटंच डकवली असली पाहिजेत.

"कोणी लिहिलं हे?"

"संपादक सरांनी. बाई, 'ल'चं काम या महिन्याअखेर बंद होतंय. त्याआधी काही आलं नाही तर हेच छापलं जाईल."

खरं तर इथे एखाद्या शहाण्या बाईने चार ओळी लिहून टाकल्या असत्या आणि बिबड्या गोळा केल्या असत्या. पण चारुलताबाईंनी जिना उतरण्यापूर्वीच महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर जाहीर करून टाकलं की खानदेशच्या एका शब्दावर पुण्यात अन्याय होत असून तो दूर करण्याची जबाबदारी त्यांनी स्वीकारली आहे. खाली बावीस जणींनी हात जोडले. त्यानंतर माघार घ्यायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं, 'लपथपीत म्हणजे ना पातळ, ना घट्ट.' दुसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं की काय नाही ते कळलं, काय आहे ते कळवावं.

बाईंना हे लागलं, कारण त्यांनी स्वतः हा शेरा मुलींच्या वह्यांवर आयुष्यभर मारला होता.

घरात सल्ल्याला तोटा नव्हता. त्यांचे यजमान दोधूआबा साखर कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे रस आटवून त्याची साखर केव्हा धरते ते पाहणं हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी घरातला कुठलाही दाट पदार्थ ते आधी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून ताणून पाहतात. मध, आमरस, सुनेने पाठवलेलं अंगाला लावायचं औषधसुद्धा.

"तार बघायची," आबा म्हणाले. "एकतारी म्हणजे पातळ, तीनतारी म्हणजे घट्ट. दोनतारी म्हणजे तुझं लपथपीत. लिही."

"वांग्याच्या भाजीला तार कुठून येणार?"

"मग ती भाजीच चुकीची," आबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

वरच्या मजल्यावरचा भाग्येश पाणीपुरवठ्यात इंजिनिअर आहे. त्याला जिन्यात गाठून बाईंनी अडचण सांगितली, तर तो एकदम उजळला. त्याच्या नोकरीत त्याला लोक फक्त पाणी का आलं नाही एवढंच विचारतात. "काकू, याचं मोजमाप असतं. पदार्थात गोळी सोडायची आणि ती किती वेळात बुडते ते बघायचं. तुमच्या भाजीचा आकडा काढून देतो."

रविवारी तो सायकलचे छर्रे घेऊन आला. वांगी नव्हती, म्हणून बेसन घोटलं. पहिला छर्रा बेसनावर तसाच बसून राहिला. बेसन सैल केल्यावर दुसरा इतक्या झटपट गेला की भाग्येशच्या मोबाईलचं घड्याळ सुरू व्हायच्या आत तळाला लागला. तिसरा बुडाला तो सापडलाच नाही. पळीने ढवळून पाहिलं, चाळणीने गाळून पाहिलं. शेवटी भाग्येश म्हणाला, बहुतेक दोनच आणले होते. तो छर्रा रात्री जेवताना आबांच्या नव्या कवळीने शोधून काढला. त्यानंतर घरात दोन दिवस लपथपीत हा शब्द उच्चारायची सोय नव्हती, आणि आबांना जेवायला जे काही दिलं जात होतं ते आपोआपच त्या वर्गात मोडत होतं.

मग बाईंनी आठवून आठवून लिहिलं. त्यांच्या लहानपणी पंगत म्हणजे पळसाची पत्रावळ आणि सारवलेली, उंचसखल जमीन. पत्रावळीला काठ नसतो. बट्टी कुस्करून तिचं आळं करायचं, त्यात वरण आणि शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. भाजी पातळ झाली तर ती बट्टीत जाते, तिथून शिऱ्यात, आणि जमीन उताराची असेल तर शेजारच्याच्या गुडघ्याखाली. घट्ट झाली तर पळी सोडत नाही आणि वाढणारा माणूस हात पोळल्यासारखी पळी झटकत बसतो. पळीतून लप्प करून सुटते, पानावर थप्प करून बसते आणि बसली की जागा सोडत नाही, ती लपथपीत. हल्ली खणांची ताटं आली. प्रत्येक पदार्थाला भिंती आहेत, त्यामुळे भाजीला स्वतःचं वळण असण्याची गरज उरली नाही, आणि शब्दालाही कोणी विचारत नाही.

हे वाचून स्वतः बाईंनाच गहिवरून आलं. पुण्याला मात्र आलं नाही. रुचिकाने कळवलं, "बाई, सरांना फार आवडलं. पण नियम असा आहे की तीन वेगवेगळ्या माणसांच्या सहज बोलण्यात शब्द आलेला हवा. ध्वनिमुद्रणासह. आणि बोलण्यापूर्वी प्रत्येकाची लेखी संमती."

"आधी संमती घ्यायची आणि मग सहज बोलायचं?"

"हो बाई. नियम आहे."

चारुलताबाई पहिल्यांदा गेल्या गफूरभाईंकडे. एसटी स्टँडच्या मागे त्यांचं बुक बायंडिंगचं दुकान आहे, आणि खळीच्या बाबतीत ते दिवसातून दहादा हा शब्द वापरतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आत्तासुद्धा पायरीवर पाऊल ठेवताना त्या ऐकत होत्या, "अकील, मैदा और डाल रे, जरा लपथपीत होऊ दे." बाई खूश झाल्या. त्यांनी संमतीपत्र पुढे केलं, गफूरभाईंनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या, सही केली, टोपी नीट केली. मोबाईल चालू झाला.

"माननीय अध्यक्ष महोदय," गफूरभाई म्हणाले, "सदर खळ ही मैद्यापासून बनविण्यात येते व ती योग्य प्रमाणात घट्ट असणे आवश्यक आहे. जय हिंद, जय महाराष्ट्र."

"गफूरभाई, मघाशी अकीलला बोललात तसं बोला की."

"बाई, वो घर का बोलना है. पुण्याला जाणार ना हे? मग शाळेत शिकवलं तसं नको बोलायला?"

सगळीकडे हेच. घरात, शेतात, बाजारात सगळी माणसं अहिराणीत मोकळी असतात. मोबाईलचा तांबडा ठिपका दिसला की प्रत्येकाच्या अंगात पंधरा ऑगस्टचं भाषण येतं. दूधवाल्या वाहरूने तर संमतीपत्रासोबत आधार कार्डाची झेरॉक्स जोडली आणि अनुदान कोणत्या खात्यात जमा होणार ते विचारलं.

महिना सरत आला तेव्हा तापीकाठच्या प्रकाशा गावाहून जमनाबाईंचा निरोप आला. जमनाबाई म्हणजे बाईंच्या थोरल्या जाऊबाई. सगळं घर त्यांना जिजी म्हणतं. वय ऐंशीच्या पुढे, दात सगळे स्वतःचे आणि मतंही. त्यांच्या पणतूचं जाऊळ काढायचं होतं. तापीवर केस द्यायचे आणि वाड्यासमोर वरण-बट्टीची पंगत.

बाईंच्या डोक्यात दिवा लागला. सगळ्या गावाच्या संमतीपत्रावर सकाळीच सह्या घ्यायच्या. पंगत बसेपर्यंत लोक ते विसरतात. जेवताना माणूस भाषण करत नाही. त्यांनी जिजींना फोन लावला.

"जिजी, वांग्याची भाजी मी करते. आणि पत्रावळी पळसाच्या आणते."

मग जिजी म्हणाल्या, "कसाले वं? तुन्ही तब्येत बरी शे ना?"

"भाजीला लपथपीत म्हणतात, त्याचं पुण्याला काम आहे."

"पुनावालास्ले वांगं खावाले देवानं शे का?"

"शब्द द्यायचा आहे."

"मंग भाजी कसाले करस?" जिजी म्हणाल्या, पण हो म्हणाल्या. धाकट्या जावेची भाजी शंभर माणसांसमोर बघायची संधी त्या सोडणार नव्हत्या.

पळसाच्या पत्रावळी आबांनी धडगावच्या रस्त्यावरच्या बाजारातून आणल्या. रुचिका पहाटेच्या गाडीने उतरली, खांद्याला ध्वनिमुद्रणाची पेटी अडकवून, आणि आल्या-आल्या संमतीपत्रांवर सह्या घेत सुटली. बाई चुलीपाशी तिच्याही आधी हजर होत्या. हिरवी काटेरी वांगी उकडली, मोठ्या तपेल्यात लाकडी घोटणीने घोटली. लसूण, मिरची, कोथिंबीर, तेलाची फोडणी. बाहत्तराव्या वर्षी बाईंचे दंड भरून आले, पण भाजी जमत गेली. घोटणी वर उचलली की भाजी तिला जरा वेळ धरून राहायची, मग आळसावून खाली यायची.

खरं काम यानंतरचं होतं, ते म्हणजे भाजी राखायचं. आमच्याकडे पंगतीच्या भाजीला घरातल्या प्रत्येक थोरल्या बाईचा हात लागलाच पाहिजे, असं मानतात. कोणी कोणाला विचारत नाही. येता-जाता झाकण उघडायचं, मान हलवायची आणि हातातलं काहीतरी आत टाकायचं. एकीला भाजी घट्ट वाटते, ती तांब्याभर पाणी ओतते. मागून येणारीला सैल वाटते, ती मूठभर बेसन भुरकवते. म्हणून चारुलताबाई तपेल्याजवळ स्टूल टाकून घोटणी मांडीवर घेऊन बसल्या, एखाद्या गुरख्याने बंगला राखावा तशा.

पहिल्या आल्या भिकुबाई, चुलत नणंद. "जराखं पानी टाकू का वं?"

"नको."

"जराखंच."

"भिकुबाई, तांब्या खाली ठेवा."

मग जिजी स्वतः आल्या. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं. हात पदराखाली होता आणि पदराखाली तांब्याचा फुगवटा होता. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. जिजी तांब्यातलं पाणी स्वतःच प्यायल्या आणि निघून गेल्या.

पुरुषांची पंगत बसली. वाड्यासमोरची जमीन तापीकडे उतरती. रुचिकाने खांबाखांबाला माइक बांधले. भाजी पळीतून सुटली, पानावर बसली, बसली ती बसलीच. एका ओळीत एवढी पानं, आणि एकाही भाजीने सीमा ओलांडली नाही. भाग्येश असता तर त्याला छर्रे टाकायची गरज पडली नसती.

लोक जेवले. मुकाट जेवले. वरण वाढ, बट्टी वाढ, तूप सोड, भाजी घाल. पोटभर जेवून ढेकर देऊन उठले आणि हात धुवायला गेले.

रुचिका पेटी घेऊन आली. चेहरा उतरलेला. "बाई, एकदाही नाही. सगळे 'वाढ, वाढ' म्हणालेत. एका काकांनी मीठ मागितलं. बाकी पूर्ण वेळ चावण्याचा आवाज आहे."

"गफूरभाई?" तेही पंगतीला आले होते.

"ते तर काहीच बोलले नाहीत. तीनदा भाजी घेतली."

"बाई, विचारू का एकेकाला?" रुचिकाच पुढे म्हणाली.

"विचारलं की जय हिंद म्हणतील."

"मला पाचची गाडी आहे. उद्या 'ल' बंद."

चारुलताबाई स्टुलावर बसून राहिल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांनी किती पंगती पाहिल्या होत्या. सासूबाईंच्या तोंडून, आत्येसासूंच्या तोंडून, या जिजींच्या तोंडून हा शब्द किती वेळा ऐकला होता. आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी काय होतं? लपथपीत नाही झाली. लपथपीत कर म्हटलं होतं ना. याला लपथपीत म्हणतात का. भाजी लपथपीत झाली म्हणून कधी कोणी कुणाला शाबासकी दिल्याचं त्यांना आठवेना. जमलेली भाजी माणसं खाऊन टाकतात. गफूरभाईसुद्धा अकीलवर ओरडतात तेव्हाच तो शब्द काढतात, खळ बरोबर झाली की पुस्तक शिवायला घेतात.

तपेलं अजून अर्धं भरलेलं होतं. आयुष्यातली सगळ्यात चांगली भाजी. आणि खऱ्या जाणत्या माणसांची पंगत अजून बसायचीच होती. बायकांची. भाजी खाऊन काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेणाऱ्या जिजी चारुलताबाईंना एकदा तरी बघायच्या होत्या. सकाळपासून त्या दुसऱ्या कशासाठी घोटत नव्हत्या, हे त्यांना आत्ता कळलं.

त्यांनी रुचिकाकडे पाहिलं. पोरगी माइकची वायर गुंडाळायला लागली होती. पाहा, चिकट.

"वायर राहू दे," बाई म्हणाल्या. घोटणी तपेल्यावर आडवी ठेवली, उठल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मी जरा मागे जाऊन हातपाय धुऊन येते. भाजीकडे लक्ष ठेवा गं."

मागच्या नळावर त्यांनी हात धुतले, पाय धुतले, चष्मा धुतला. मग घमेलं दिसलं, तेही धुतलं. वाड्यातून झाकणाचा आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग तर देवळाच्या घंटेसारखा येत राहिला.

परत येऊन पाहिलं तर भाजी तपेल्यात वर चढली होती. पंगतीत भाजी कमी होताना त्यांनी नेहमी पाहिली होती, वाढलेली पहिल्यांदाच पाहत होत्या. काठाला जिजींचा रिकामा तांब्या होता.

बायकांची पंगत बसली. बाईंनी बादली स्वतः हातात घेतली. पहिल्याच पानावर भाजी पडली आणि निघाली. बट्टीपाशी थांबली नाही, शिऱ्यापाशी थांबली नाही, उताराला लागली. भिकुबाईंनी लुगडं सावरलं आणि तोंड उघडलं.

"ही भाजी शे का कढी? लपथपीत तरी कराले पायजे ना वं."

"आमनी सासू अशी भाजी फेकी देती," पलीकडून एकजण म्हणाली. "लपथपीत म्हंजे कशी, पानवर बठनी पायजे."

"मास्तरीन शे ती. पुस्तकमा दखीसन करेल व्हई."

मग शब्द पानापानावर फुटायला लागला. रुचिका खांबामागे उभी राहून दोन्ही हातांनी पेटी धरून होती, डोळे मोठे झालेले. चारुलताबाई बादली घेऊन ओळीने पुढे सरकत राहिल्या, मान खाली घालून. पाणी मी ओतलं नाही, एवढं एकच वाक्य जिभेवर होतं. ज्यांनी ओतलं त्या सगळ्याजणी समोर मांडी घालून बसल्या होत्या.

ओळीच्या शेवटी जिजी. त्यांनी पत्रावळीखाली एक बट्टी टेकू म्हणून लावली, तरी भाजी बगल देऊन निघालीच. जिजींनी ती जाताना पाहिली आणि मग शांतपणे, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चारूनी भाजी लपथपीत व्हयनी नही वं. वांगं नदीमा आंग धवाले गयेल दिखस."

सगळ्याजणी हसल्या. रुचिकाही हसली. चारुलताबाईंनी त्यांना वरण वाढलं.

पाचच्या गाडीला रुचिका गेली. जाण्याआधी जिजींना त्यांचा आवाज ऐकवला. जिजींनी तो दोनदा ऐकला आणि म्हणाल्या, आवाज बरा आहे, पण भाजी त्यातही पातळच वाटते.

पंधरा दिवसांनी फोनवर नोंद आली. बाईंनी ती गच्चीवर आबांना मोठ्याने वाचून दाखवली. "लपथपीत, विशेषण. पळीतून सुटणारी पण पानावर जागा न सोडणारी; दाट आणि अंगाला धरून राहणारी भाजी, कालवण किंवा खळ. पळीच्या आणि पानाच्या आवाजावरून आलेला शब्द. बहुधा तक्रारीत वापरतात. उदाहरण, 'चारूनी भाजी लपथपीत व्हयनी नही.' प्रकाशा, तालुका शहादा."

आबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "हे असंच राहणार?"

"छापलं की राहणार."

"नातवंडं वाचतील. कारखान्यातले लोक वाचतील. नाव काढायला सांग."

तेवढ्यात रुचिकाचाच फोन आला. तिलाही तेच वाटत होतं. "बाई, नावाच्या जागी दुसरं काहीतरी घालते. सुनेची भाजी वगैरे."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. "वाक्य जसं बोललं गेलं तसं राहिलं पाहिजे. एवढी भाजी काय सुनेच्या नावावर घालायला घालवली का मी?" मग जरा थांबल्या. "फक्त एक कर. नुसतं चारू बरं दिसत नाही. पूर्ण नाव घाल. चारुलता दोधू पाटील, एम.ए., बी.एड."

"पण बाई, जमनाबाई तसं म्हणाल्या नाहीत. नाव झाकायची सूट आहे, पण ध्वनिमुद्रणात नाही ते वाढवून छापता येत नाही."

चारुलताबाईंनी गच्चीवरून रस्त्याकडे पाहिलं. प्रकाशाची बस नुकतीच वळत होती.

"मग ये पुढच्या आठवड्यात पेटी घेऊन," त्या म्हणाल्या. "जिजींकडून पदव्या मी पाठ करून घेते. आणि भाजीची काळजी तू करू नकोस. तिथं तांबे पुष्कळ आहेत."